पुरावा रजिस्टरात, रेझर ट्रॉलीवर

प्रति,
मराठवाड्यातील सरकारी रुग्णालयांचे अधिष्ठाता, जिल्हा शल्यचिकित्सक आणि अधिसेविका यांस,

स.न.वि.वि.

तपासणीचं पथक येणार असलं की आठवडाभर आधी वॉर्डात एक नवं रजिस्टर येतं. वर जाड अक्षरात 'एव्हिडन्स बेस्ड नर्सिंग प्रॅक्टिस', आत रकाने आखलेले: तारीख, संशोधनाचं शीर्षक, सारांश, सही. आता तर दर महिन्याला प्रत्येक वॉर्डाने एक संशोधन वाचून त्यात उतरवायचं, असं सांगितलं जातंय. रकाने चारच. 'त्यामुळे वॉर्डात काय बदललं' हा पाचवा रकाना कुणी आखलेला नाही, आणि आखला तरी तो भरायचा अधिकार आम्हाला नाही. हे पत्र त्या पाचव्या रकान्यासाठी आहे.

आम्ही मराठवाड्याच्या वेगवेगळ्या जिल्ह्यांत काम करणाऱ्या अधिपरिचारिका, परिसेविका आणि पाठ्यनिर्देशिका. औषध लिहितात डॉक्टर, पण सुई आमच्या हातात असते. नळी आम्ही घालतो, ड्रेसिंग आम्ही उघडतो, रात्री अडीचला बाळंतिणीखालची चादर भिजलेली पहिल्यांदा आम्हालाच दिसते. म्हणून संशोधन काय सांगतं हा आमच्यासाठी हौसेचा विषय नाही. चुकीची रीत चालू राहिली तर ती आमच्याच हातून रुग्णापर्यंत पोहोचते, आणि काही बिघडलं तर मेमोही आमच्याच नावाने निघतो.

'सिस्टर लोक वाचत नाहीत' हे वाक्य प्रत्येक मीटिंगमध्ये ऐकतो. संशोधन वापरण्यात परिचारिकांना काय आडवं येतं हे मोजण्यासाठी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनाच्या संशोधकांनी १९९१ साली एक प्रश्नावली तयार केली. ती पुढे अनेक देशांत वापरली गेली आणि यादीच्या वरच्या टोकाला पुन्हा पुन्हा त्याच दोन गोष्टी आल्या: कामाच्या वेळेत सवड नाही, आणि रुग्णसेवेची रीत बदलायचा अधिकार नाही. वाचनाचा कंटाळा हे कारण तिथे वर नव्हतं. आमच्याकडेही नाही. खाली जे लिहितोय ते त्याचाच नमुना आहे.

प्रसूतिगृहापासून सुरुवात करतो, कारण तिथे मिनिटं मोजावी लागतात.

बाळ बाहेर आल्यावर एका मिनिटाच्या आत आईला गर्भाशय आवळणारं ऑक्सिटोसिन १० युनिट स्नायूत द्यायचं, हे जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) मुलीलाही पाठ असतं. ते २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं हेही पाठ असतं. प्रत्यक्षात सकाळच्या पाळीत दिवसभराचे ॲम्प्यूल डिलिव्हरी ट्रॉलीवर मांडून ठेवले जातात. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि प्रसूतिगृहात पंखा गरम हवा फिरवत असतो. उष्णतेने हे औषध हळूहळू निकामी होतं, पण ॲम्प्यूलकडे बघून ते कळत नाही. रंग बदलत नाही, गढूळपणा येत नाही. इंजेक्शन दिलं जातं, गर्भाशय मऊच राहतं, दुसरा ॲम्प्यूल फोडला जातो, आणि केसपेपरवर 'एटोनिक पीपीएच' (गर्भाशय न आवळल्याने प्रसूतीनंतर होणारा रक्तस्राव) लिहिलं जातं. औषध मेलेलं होतं का, हे कुणी विचारत नाही.

लसीच्या फ्रिजला थर्मामीटर असतो, दोन वेळा नोंद होते, लाइट गेली की फोन होतात. प्रसूतिगृहातल्या फ्रिजमध्ये त्याच ॲम्प्यूलच्या शेजारी पाण्याच्या बाटल्या आणि कुणाचा तरी डबा असतो. (डबा आमचाच असतो, हे मान्य. डबा ठेवायला दुसरी जागा द्या.) भारतासह दहा देशांत सुमारे ३०,००० बायकांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, उष्णतेत टिकणारं कार्बेटोसिन रक्तस्राव रोखण्यात ऑक्सिटोसिनच्या तोडीचं ठरलं. आमच्या हवामानात ते मागवता येईल का, एवढं तरी विचारात घ्या. ते येईपर्यंत एक साधा थर्मामीटर, दोन वेळच्या नोंदीचा कागद आणि 'लागेल तसे दोनच ॲम्प्यूल बाहेर काढा' एवढी सूचना पुरे.

आता रक्त मोजण्याचं. केलीज पॅड (आईखालची रबरी गादी) आणि खाली बादली, त्या बादलीत गर्भजल, लघवी, रक्त सगळं एकत्र. त्यातून अंदाज काढायचा, आणि नोंदीत ठराविक आकडा: २०० ते २५० मिली. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या सहभागाने रेषा आखलेली प्लास्टिकची रक्तपिशवी तयार झाली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात डोळ्यांनी केलेला अंदाज पिशवीच्या मापापेक्षा ३३ टक्क्यांनी कमी निघाला. म्हणजे हे ज्ञान लंडनहून यायचं नव्हतं, ते शेजारच्या राज्यातून यायचं होतं. बाळ झालं, गर्भजल वाहून गेलं की ती पिशवी आईच्या नितंबाखाली सरकवायची, खालचं टोक नरसाळ्यासारखं लोंबतं ठेवायचं आणि पहिला तास दर पंधरा मिनिटांनी रेषा, नाडी, बीपी आणि गर्भाशयाचा कडकपणा बघायचा.

२०२३ साली केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांचे निष्कर्ष आले. त्यांतल्या काही रुग्णालयांत अशी पिशवी वापरली आणि रेषा ५०० मिलीला पोहोचली, किंवा ३०० मिलीलाच नाडी-बीपी बिघडलं, की पाच गोष्टी एका दमात केल्या: गर्भाशय चोळणं, गर्भाशय आकुंचन पावण्याचं औषध, रक्तस्राव थांबवायला ट्रानेक्सामिक ॲसिड, सलाईन, आणि रक्त कुठून येतंय याची तपासणी करून गरज पडल्यास वरिष्ठांना बोलावणं. गंभीर रक्तस्राव, पोट उघडावं लागणं किंवा त्यामुळे मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण नेहमीच्या रीतीच्या रुग्णालयांत ४.३ टक्के होतं, तर या रुग्णालयांत १.६ टक्के. एका दमात हे त्यातलं मर्म आहे. आमच्याकडे या पाच गोष्टी एकामागून एक होतात, कारण ट्रानेक्सामिक १ ग्रॅम दहा मिनिटांत हळू शिरेतून द्यायलाही ऑर्डर लागते, आणि ऑर्डर देणारे डॉक्टर त्या वेळी सिझेरियनला उभे असतात. औषध कपाटात, किल्ली आमच्या कमरेला, परवानगी ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत).

पिशव्या मिळेपर्यंत निदान वजनकाटा द्या. भिजलेल्या पॅडचं वजन वजा कोऱ्या पॅडचं वजन. १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिली.

मेडिसिन वॉर्ड आणि आयसीयूकडे येऊ. कीटकनाशक पोटात गेलेले, पॅरालिसिसचे, मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागलेले. यातल्या निम्म्यांच्या नाकात रायल्स ट्यूब, म्हणजे जठरात अन्न पोहोचवणारी नळी, असते. नळी घातली की सिरिंजने हवा ढकलायची, पोटावर स्टेथोस्कोप ठेवायचा, गुडगुड ऐकू आली की फीड सुरू. आम्हाला असंच शिकवलं आणि आम्हीही पुढच्या बॅचला तेच शिकवलं. ब्रिटनच्या आरोग्यसेवेने २००५ सालीच ही पद्धत वापरू नका असा इशारा काढला होता. कारण सरळ आहे. नळीचं टोक फुप्फुसाच्या तळाशी असलं तरी हवेचा आवाज पोटावर ऐकू येतो. मध्ये डायफ्रामचा पडदा तेवढा असतो. शुद्धीवर असलेला रुग्ण ठसकेल, खोकेल. बेशुद्ध माणूस खोकत नाही, आणि नेमकी त्यालाच आपण नळीतून दूध-डाळीचं पाणी देतो.

बरोबर रीत अशी. नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत मोजून नळीवर खूण करा. घातल्यावर अर्धा ते एक मिली स्राव ओढा आणि आम्लता मोजणाऱ्या पीएचच्या पट्टीवर टाका. ५.५ किंवा कमी असेल तर नळी जठरात आहे, फीड द्या. जास्त असेल तर देऊ नका. रुग्णाला डाव्या कुशीवर करा, थोडं थांबा, पुन्हा ओढा. तरीही जमलं नाही तर एक्स-रे. नाकपुडीपाशी किती सेंटिमीटरची खूण आहे ते चार्टवर लिहा आणि प्रत्येक फीडआधी ती जागची हलली नाही ना ते बघा. इथे एक मेख आहे, ती लपवत नाही: आपल्या वॉर्डात दाखल झालेल्या जवळपास प्रत्येकाला पॅन्टोप्राझोल सुरू असतं, त्याने जठरातलं आम्ल कमी होतं आणि पीएच ६च्या वर जाऊ शकतो. अशा रुग्णांचे एक्स-रे वाढतील. दुसरं, लॅबमधला १ ते १४चा कागद चालत नाही, त्यावर ५ आणि ६चा रंग वेगळा ओळखता येत नाही. अर्ध्या-अर्ध्या अंकाच्या पट्ट्या लागतात. निळा लिटमस तर मुळीच नको. अशा पट्ट्यांचं इंडेंट (मागणीपत्र) टाकलं की 'आयटम यादीत नाही' असा शेरा घेऊन ते परत येतं. ज्या यादीत नळी आहे, तिच्यात नळी तपासायची पट्टी नाही.

सर्जरी वॉर्डात दोन गोष्टी, दोन्ही जवळपास फुकटच्या.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री 'पार्ट प्रिपरेशन' म्हणून रेझरने केस काढतात. पात्याने त्वचेवर डोळ्याला न दिसणारे बारीक छेद जातात, रात्रभर त्यात जंतू वाढतात, सकाळी त्याच जागी चीर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय: केस काढूच नका, अगदीच काढावे लागले तर क्लिपरने (केस कातरणाऱ्या यंत्राने), रेझरने कधीही नाही. क्लिपर नाही? मग केस राहू द्या, त्याला इंडेंटही लागत नाही. पण रेझर न फिरवता रुग्ण ओटीत पाठवला की टेबलावरून निरोप येतो, 'वॉर्डमधल्या सिस्टरला कळत नाही का?' तेव्हा सिस्टर नियम सांगत बसत नाही. पुढच्या रुग्णाला रेझर फिरवते.

दुसरं, 'रात्री बारानंतर काहीही नाही'. ऑपरेशनच्या लिस्टमध्ये पाचवा नंबर असलेल्या माणसाला दुपारी दोनला घेतात, म्हणजे चौदा तास पाण्याचा थेंब नाही, आणि हे लातूर-बीडच्या उन्हाळ्यात. तोंड कोरडं, नाडी वाढलेली, शीर सापडत नाही, म्हणून तीन जागी टोचायचं. अमेरिका आणि युरोपातल्या भूलतज्ज्ञांच्या संघटना वर्षानुवर्षं सांगताहेत: हलकं जेवण सहा तास आधी बंद, साधं पाणी किंवा दुधाशिवायचा कोरा चहा दोन तास आधीपर्यंत चालतो. आतडं अडलेलं, इमर्जन्सी, जुना मधुमेह असे अपवाद आहेत आणि ते भूलतज्ज्ञांनीच ठरवावेत. बाकीच्यांसाठी आम्हाला इतकंच हवं की लिस्ट अंदाजे वेळेसह आदल्या संध्याकाळी वॉर्डात यावी. मग कुणाला सकाळी सहाला पाणी द्यायचं आणि कुणाला दहालाही देता येईल हे आम्ही बघू.

सलाईनच्या सुईबद्दल मात्र आमच्यातच एकमत नव्हतं, तेही सांगायला हवं. दर ७२ ते ९६ तासांनी कॅन्युला बदलायची ही जुनी रीत. ऑस्ट्रेलियातल्या तीन रुग्णालयांत ३,२८३ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१२ साली आले: ठरल्या वेळी बदला किंवा त्रास दिसला तरच बदला, शिरेला सूज येण्याचं प्रमाण दोन्हीकडे ७ टक्केच. काही जणी म्हणाल्या, झालं, आजपासून बदलणं बंद, टोचणं वाचलं. पण २०२१ साली जिनेव्हाच्या मोठ्या रुग्णालयाने स्वतःचे आकडे मांडले. तिथे 'गरज असेल तेव्हाच' ही रीत लागू केल्यावर रक्तातला संसर्ग वाढला होता. आम्ही याचा अर्थ असा घेतो: त्रास दिसला तर काढायची, ही रीत तिथेच चालते जिथे प्रत्येक पाळीत कुणीतरी ती जागा खरोखर बघतं. चाळीस-पन्नास खाटांना रात्री एक सिस्टर असेल तर 'गरज असेल तेव्हा' याचा अर्थ 'कधीच नाही' असा होतो. म्हणून आमचं मत, जोवर प्रत्येक पाळीत लालसरपणा, दुखणं, सूज यांचे गुण लिहिले जात नाहीत तोवर जुना नियमच ठेवा. कॅज्युअल्टीत घाईघाईत, स्वच्छता न पाळता घातलेली सुई ४८ तासांच्या आत काढाच. आणि चिकटपट्टीवर तारीख लिहायला पेन लागतो, तो आम्ही आमचा आणू.

हा मुद्दा मुद्दाम लांबवला. परदेशातला पेपर उचलून वॉर्डात चिकटवा असं आम्ही म्हणत नाही. पेपर वाचून आपल्या वॉर्डाला तो लागू होतो का, हे ठरवण्याचं काम आम्हाला करू द्या, असं म्हणतोय.

किरकोळात: पडून राहिल्याने हाडावर लाल झालेली त्वचा स्पिरिट-पावडर लावून चोळणं थांबवा, त्याने आतली इजा वाढते; रुग्णाखालची रबरी रिंगही काढून टाका. प्रसूतीआधी सरसकट एनिमा आणि शेव्हिंग यांनाही आधार नाही.

मग हे अडतं कुठे? संख्येत तर अडतंच. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष शिक्षण रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयात पाचांमागे एक परिचारिका असा आहे. वॉर्डातली मोजदाद तुम्हाला आमच्यापेक्षा चांगली माहीत आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांच्या अभ्यासात एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. हे संशोधन त्या रजिस्टरात उतरवलं तर चालेल का?

वाचनाच्या सोयीतही अडतं. १ जानेवारी २०२५पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मधून सरकारी उच्च शिक्षण संस्थांना सुमारे १३,००० जर्नल खुली झाली. जिल्हा रुग्णालय ही उच्च शिक्षण संस्था नव्हे, त्यामुळे तिथली परिचारिका बाहेर. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही ग्रंथालयाचं लॉगिन विद्यार्थी आणि प्राध्यापकांपुरतं राहतं.

आणि नर्सिंग कॉलेजचं म्हणाल तर एमएस्सीचे प्रबंध एका साच्यातून निघतात: अमुक विषयावरच्या ज्ञानावर 'स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्राम'ची परिणामकारकता. शिकवण्याआधी परीक्षा, शिकवल्यावर परीक्षा, गुण वाढले, निष्कर्ष सिद्ध. शिकवल्यावर गुण वाढणारच. त्याच विद्यार्थिनीने आपल्याच वॉर्डात किती नळ्यांची जागा पीएचने तपासली आणि ते वाढवायला काय करावं लागलं एवढं मोजलं असतं, तर तो प्रबंध कपाटात न राहता ट्रॉलीवर आला असता.

आमच्या मागण्या.

प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावासाठी लेखी, सही-शिक्क्याची स्टँडिंग ऑर्डर (आधीच दिलेली कायमची परवानगी) काढा. मापाची रेषा ओलांडली की पाचही गोष्टी कर्तव्यावरची परिचारिका सुरू करेल आणि त्याच वेळी डॉक्टरांना बोलावेल. ही पहिली मागणी, आणि एकच मान्य करायची असेल तर ही करा.

औषध-साहित्याच्या यादीत चार वस्तू घाला: अर्ध्या अंकाच्या पीएच पट्ट्या, रेषा असलेल्या रक्तपिशव्या, बदलत्या पात्याचे क्लिपर, फ्रिजचे थर्मामीटर. रेझर यादीतून काढा. तो स्टोअरमध्ये असेपर्यंत वापरला जाणारच.

प्रत्येक रुग्णालयात कार्यपद्धती ठरवणारी एक छोटी समिती नेमा. तिच्यात सर्जन, भूलतज्ज्ञ आणि फार्मासिस्टबरोबर वॉर्डात प्रत्यक्ष ड्यूटी करणाऱ्या किमान दोन अधिपरिचारिका हव्यात, ऑफिसमध्ये बसणाऱ्या नव्हेत. समितीने ठरवलेलं मराठीत, एका पानावर, तारखेसह वॉर्डात लागावं. मग ओटीतून कुणी ओरडलं तर सिस्टर त्या पानाकडे बोट दाखवू शकेल.

आठवड्यातून एक तास ड्यूटीच्या आत वाचनाला द्या, ड्यूटी संपल्यावर नको. जिल्हा रुग्णालयातल्या परिचारिकांना जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ओळखपत्रावर बसू द्या.

सगळं एकदम जमणार नाही, हे आम्हालाही कळतं. एका रुग्णालयातलं एक प्रसूतिगृह आणि एक सर्जरी वॉर्ड तीन महिन्यांसाठी द्या. आधीचा एक महिना आम्ही फक्त मोजू: किती बायकांचं रक्त खरोखर मोजलं गेलं, किती रुग्णांना रेझर लागला, शेवटचा पाण्याचा घोट आणि भूल यांत किती तास गेले. मग बदल करू आणि पुन्हा तेच मोजू. आकडे वाईट आले तरी तसेच तुमच्यापुढे ठेवू. नोंदीसाठी ते नवं रजिस्टर चालेल, पाचवा रकाना आम्ही पट्टीने आखून घेऊ.

उत्तर लेखी द्यावं आणि त्याची एक प्रत वॉर्डच्या नोटीस बोर्डावर लावावी, ही विनंती.

आपल्या,
मराठवाड्यातील सरकारी रुग्णालयांत काम करणाऱ्या काही परिचारिका